टमी टक करायचं ठरवतेस? आधी एवढं वाच

अगं, पहिली गोष्ट म्हणजे टमी टक हे पोटाची सैल कातडी आणि चरबी काढायचं ऑपरेशन आहे, वजन कमी करायचं नाही. वजन काही महिने स्थिर असेल आणि पुढे बाळंतपण नको असेल, तरच विचार कर.

पूर्ण भूल देतात. ओटीपोटावर, अगदी खाली, कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवा छेद घेतात. कातडी आणि चरबी स्नायूंपासून सोडवत बरगड्यांपर्यंत उचलतात. गरोदरपणात फाकलेले पोटाचे दोन उभे स्नायू टाके घालून जवळ आणतात. माझ्या मते खरा फरक इथेच पडतो. मग कातडी खाली ओढून जादाची कापतात. बेंबी जागेवरच राहते, फक्त तिच्यासाठी नवं भोक पाडून कडेने शिवतात. साधारण 2 ते 4 तास लागतात.

पाणी साचू नये म्हणून बरेचदा नळ्या ठेवतात. मी सुरुवातीचे दिवस कमरेत वाकूनच चालले, ताठ व्हायला गेलं की टाके ताणायचे. तरी त्याच दिवसापासून थोडं चाल, नाहीतर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. आणि सिगारेट ओढत असशील तर डॉक्टरांपासून अजिबात लपवू नकोस, जखमेच्या कडा काळ्या पडू शकतात. व्रण कायम राहतो, फिकट होतो एवढंच.