तारीख पाळ

परवा जिन्यात भेटलीस तेव्हा चेहरा पार उतरलेला. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात हिमोग्लोबिन ११.२ भरलं म्हणून परत पाठवलं, वर मैत्रिणीचा मेसेज: रक्त दिलं की हार्ट अ‍ॅटॅक येत नाही. काका, खरं काय, विचारलंस.

हृदयाचं मी छातीठोक सांगणार नाही. मुळात धडधाकट माणसाचंच रक्त घेतात. मग रक्तदाते धडधाकट दिसले तर श्रेय कशाला द्यायचं? मला झालेला फायदा म्हणजे तारीख. एकदा रक्त दिलं की पुन्हा द्यायला पुरुषाला तीन महिने, बाईला चार. दर वेळी वजन, बीपी, हिमोग्लोबिन कुणीतरी बघतं. माझं वाढलेलं बीपी रक्तपेढीतच सापडलं, एरवी मी दवाखान्याची पायरी चढणारा नव्हे. तारीख पाळ.

म्हणजे आधीही जाऊ नकोस. मी तिथंच चुकलो. तेव्हा हिमोग्लोबिन बघायला मोरचुदाच्या निळ्या पाण्यात रक्ताचा थेंब सोडायचे. बुडाला तर रक्त घ्यायचे. माझा तरंगला. दुसरं बोट पुढे केलं, तोही तरंगला. आधीच्या पिशवीला जेमतेम दोन महिने झाले होते, तरी मला अपमान वाटला. आठवड्यानं दुसऱ्या शिबिरात तारीख खोटी सांगितली, थेंब कसाबसा बुडाला, रक्त दिलं. संध्याकाळी चक्कर येऊन स्कूटर घसरली. मागे मुलगी होती. तिच्या कोपरावर व्रण आहे अजून.

एका पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. पाणी दोन दिवसांत भरून येतं, लोहाला महिने लागतात. तुझं तर आधीच कमी आहे. डॉक्टरांना दाखव, गोळ्या नेमानं घे, वर लगेच चहा नको. १२.५ झालं की जा. रडत काय बसतेस?

आणि एकदा सुरू केलंस की सोडू नकोस. जयंतीला, वाढदिवसाला रांगा लागतात. मे महिन्यात पेढीचा फ्रिज रिकामा. रक्त फार तर ४२ दिवस टिकतं, गणपतीतलं दिवाळीनंतर उरत नाही. थॅलेसेमिया म्हणजे रक्त नीट न बनण्याचा जन्मजात आजार, त्या पोराला मात्र दर दोन-चार आठवड्यांनी पिशवी लागतेच. म्हणून म्हणतो, तारीख पाळ.

घरी अजून ऐकवतात, मुलीच्या साखरपुड्याच्या सकाळीही गेलात. गेलो. तारीख होती. अकराला हॉलवर हजर होतो, कुणाचं काय अडलं?

६५ झाली की मला थांबवतील, दोन वर्षं राहिलीत. माझी पुढची तारीख २१ ऑगस्ट. गोळ्या संपवून सोबत ये, तुझंही तपासून घेऊ.