डेटन (ओहायो) शहरात महापौर असूनही कारभार सिटी मॅनेजर का पाहतो? १९१३ च्या पुराशी त्याचा काय संबंध?

पूर आला म्हणून सिटी मॅनेजर (निवडून न येता नेमला जाणारा प्रशासक) आला, असं नेहमी सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. कल्पना पुराआधीची, पुराने तिला घाईने मतं मिळवून दिली.

१९१२ साली ओहायोच्या राज्यघटनेत दुरुस्ती होऊन शहरांना स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची रचना ठरवणारी नियमावली, लिहिण्याचा अधिकार मिळाला. कॅश रजिस्टर बनवणाऱ्या 'एनसीआर'चे जॉन पॅटरसन तर १८९६ पासूनच शहर कंपनीसारखं चालवा म्हणत होते. मार्च १९१३ मध्ये ग्रेट मायामी नदी फुगली. डेटनच्या मध्यवस्तीत काही ठिकाणी २० फुटांपर्यंत पाणी चढलं आणि खोऱ्यात मिळून ३६० हून जास्त माणसं दगावली. पॅटरसननी कारखान्यात सपाट तळाच्या होड्या बनवून घेतल्या आणि त्यांतून लोकांना बाहेर काढलं. साहजिकच त्यांच्या शब्दाला वजन आलं. ऑगस्टमध्ये मतदारांनी नवी सनद मंजूर केली आणि १ जानेवारी १९१४ पासून ती लागू झाली. पहिले मॅनेजर हेन्री वेट, त्याआधी सिनसिनाटीचे शहर अभियंता. सिटी मॅनेजर नेमणारं हे पहिलंच शहर नव्हे, पण मोठ्या शहरांत पहिलं.

रचना सोपी आहे. महापौर धरून पाच जणांचं सिटी कमिशन निवडून येतं. ते धोरण ठरवतं, अंदाजपत्रक मंजूर करतं आणि मॅनेजर नेमतं. खातेप्रमुख, रस्ते, पाणी, पोलीस हे सगळं मॅनेजरच्या हाताखाली. आपल्या महापालिका आयुक्ताशी तुलना करताना एक फरक विसरू नका: आयुक्त राज्य सरकार पाठवतं, डेटनचा मॅनेजर मात्र कमिशनच ठेवतं आणि कमिशनच काढतं. महापौराला कमिशनमध्ये एकच मत असतं.

या सनदेतली खरी उणीव वेगळीच आहे. प्रभाग रद्द करून सगळ्या जागांसाठी अख्ख्या शहराने मतदान करायचं ठरलं. प्रभागांतलं वशिल्याचं राजकारण मोडलं, पण पश्चिम डेटनमधल्या कृष्णवर्णीय वस्तीचा आवाजही त्याबरोबर दबला. पहिले कृष्णवर्णीय कमिशनर डॉन क्रॉफर्ड १९६१ मध्ये निवडून आले, म्हणजे जवळजवळ अर्धशतकानंतर. कार्यक्षमतेचं कौतुक करताना ही किंमतही सांगायलाच हवी.

आता पूर. त्याचं उत्तर महापालिकेने दिलेलंच नाही. शहराच्या हद्दीत कितीही भिंती बांधल्या तरी पाणी वरच्या तालुक्यांतून येणार, म्हणून १९१४ मध्ये राज्याने वेगळा कायदा केला आणि १९१५ मध्ये नऊ काउंटींसाठी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मायामी कॉन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट ही पूर आवरणारी वेगळी संस्था उभी राहिली. वरच्या भागातल्या शेतकऱ्यांचा कडवा विरोध होता; आपल्या जमिनी बुडवून डेटन का वाचवायचं, हा त्यांचा सवाल होता आणि तो रास्तच होता. पैसा वॉशिंग्टनहून आला नाही. ज्याच्या मालमत्तेला जितका फायदा, तितकी आकारणी त्याच्यावर, या हिशेबाने खोऱ्यानेच तो उभा केला.

अभियंता आर्थर मॉर्गन यांनी १९२२ पर्यंत मातीची पाच कोरडी धरणं पूर्ण केली. त्यांच्या तळाशी काँक्रीटच्या ठरावीक मापाच्या मोऱ्या आहेत, पण मोऱ्यांना दरवाजे नाहीत. रोजचं पाणी अडथळ्याविना निघून जातं. पुराचं जास्तीचं पाणी मोरीत मावत नाही, म्हणून आपोआप मागे तुंबतं आणि हळूहळू ओसरतं. विसर्ग कधी सोडायचा, किती सोडायचा, हा निर्णय कुणाला घ्यावाच लागत नाही. सिंचनासाठी धरण भरलेलं हवं असतं आणि पुरासाठी रिकामं. हा झगडा इथे मुळातच टाळला आहे. १९१३ च्या पुराहून ४० टक्के जास्त पाणी धरून मापं काढली होती. हफमन धरणामागे पाणी तुंबणार म्हणून ऑस्बर्न हे गाव सुमारे ४०० घरांसकट उचलून दुसरीकडे नेलं. पुढे १९५० मध्ये ते शेजारच्या फेअरफिल्डमध्ये विलीन होऊन फेअरबॉर्न झालं.

तिथे राहायला जाणार असाल तर कोणाकडे काय आहे ते आधी समजून घ्या. नळ, कचरा, रस्त्यावरचे खड्डे हे शहराकडे. नदीकाठचे बांध आणि धरणं डिस्ट्रिक्टकडे. शाळा वेगळ्या निवडून आलेल्या मंडळाकडे, मालमत्ता कराची वसुली काउंटीकडे. घर घेताना डिस्ट्रिक्टची आकारणी त्या मालमत्तेवर आहे का, हे कराच्या बिलात तपासा. आणि धरणं आहेत म्हणून तळघर कोरडंच राहील, असं धरून चालू नका: नदी चढली की बांधांतून जाणाऱ्या पावसाळी गटारांची दारं बंद करतात. त्याच वेळी शहरात जोराचा पाऊस झाला तर सखल भागात पाणी साचू शकतं, आणि हा पाऊस धरणांच्या खालच्या बाजूला पडलेला असल्यामुळे धरणं ते पाणी अडवू शकत नाहीत.