वाचकांचे प्रश्न : दुधातील प्रथिने, विकरे आणि त्यांची कामे

या अंकासाठी दुधातील प्रथिने आणि विकरे, म्हणजेच एन्झाइमे, या विषयावरचे प्रश्न निवडले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. स्वतःच्या आजारावर उपाय विचारणारे प्रश्न बाजूला ठेवले आहेत, कारण त्यांची उत्तरे तपासणी केलेल्या डॉक्टरांनीच द्यायला हवीत.

प्रश्न : पूरक आहाराच्या डब्यांवर ‘बायोअॅक्टिव्ह प्रथिने’ असे ठळक छापलेले असते. सगळीच प्रथिने शरीराच्या उपयोगी पडतात, मग ही वेगळी कशी?

उत्तर : अन्नातील बहुतेक प्रथिनांकडून आपली अपेक्षा माफक असते. ती पचावीत, त्यांची अमिनो आम्ले व्हावीत आणि शरीराने ती आपल्या बांधणीसाठी वापरावीत. काही प्रथिने मात्र अखंड असताना, किंवा अर्धवट तुटल्यावर, याहून निराळे एखादे नेमके काम करतात, आणि त्यांनाच जैवकार्यक्षम किंवा बायोअॅक्टिव्ह म्हणतात. दुधातील लॅक्टोफेरिन हे त्याचे चांगले उदाहरण आहे. त्याचा प्रत्येक रेणू लोहाचे दोन आयन घट्ट धरून ठेवतो आणि वाढीसाठी लोहावर अवलंबून असणाऱ्या जिवाणूंची त्यामुळे उपासमार होते. जठरातील पेप्सिनने लॅक्टोफेरिन तुटले की त्यातून लॅक्टोफेरिसिन नावाचा छोटा तुकडा सुटतो, आणि तो तर जिवाणूंच्या आवरणावरच थेट आघात करतो. गाईच्या साध्या दुधात लॅक्टोफेरिन लिटरमागे सुमारे ०.१ ग्रॅम असते, चिकात ते कितीतरी जास्त असते, आणि मानवी दुधात लिटरमागे १ ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक आढळते.

दुसरा गट केसिनच्या, म्हणजे दुधातील मुख्य प्रथिनाच्या, साखळीत दडलेल्या तुकड्यांचा आहे. विशिष्ट जिवाणूंनी दूध आंबवले असता त्यातून तीन-तीन अमिनो आम्लांचे असे काही पेप्टाइड सुटतात, जे शरीरात रक्तदाब वाढवणाऱ्या प्रक्रियेतील एका विकराला अडवतात. परीक्षानळीत हे स्पष्ट दिसते. माणसांवरील चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे आले नाहीत, आणि युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या पेप्टाइडांविषयीचा आरोग्यदावा मान्य केला नाही. त्यामुळे डब्यावर केवळ ‘बायोअॅक्टिव्ह’ असे लिहून कोणते प्रथिन, किती मात्रेत आणि कशासाठी हे सांगितलेले नसेल, तर तो शब्द जाहिरातीचा समजावा.

प्रश्न : दूध तापवले की त्यातील विकरे नष्ट होतात, म्हणून कच्चे दूध पचायला हलके असते, असे वारंवार ऐकायला मिळते. यात तथ्य किती?

उत्तर : या वाक्यात दोन वेगळी विधाने एकमेकांना बांधलेली आहेत. पहिले काही अंशी खरे आहे, दुसऱ्याला मात्र आधार नाही.

गाईच्या दुधात मूळचीच साठाहून अधिक विकरे असतात, पण ती दूध पिणाऱ्याच्या पचनासाठी तिथे असतात असे मानण्याचे कारण नाही. त्यांतील बरीचशी गाईच्या रक्तातून किंवा कासेच्या पेशींतून ओघानेच दुधात उतरतात. दुग्धशर्करा पचवणारे लॅक्टेज, ज्याच्या कमतरतेमुळे अनेकांना दूध सोसत नाही, ते कच्च्या दुधात नसतेच. ते आपल्या लहान आतड्याच्या अस्तरात असते. त्यामुळे ज्यांना दुग्धशर्करेचा त्रास होतो, त्यांना तो कच्च्या दुधानेही होणारच. स्निग्धांश फोडणारे लायपेज गाईच्या दुधात भरपूर असते, पण त्याची ओळख दुग्धव्यवसायात उपकारक म्हणून नसून उपद्रवी म्हणून आहे. स्निग्धकणांभोवतीचे नाजूक पटल शाबूत असते तोपर्यंत ते गप्प राहते. कच्चे दूध पंपाने जोराने ढवळले गेले, त्याला फेस आला किंवा पटल अन्य कारणाने फाटले, की ते स्निग्धांशावर तुटून पडते आणि दुधाला खवट, साबणासारखा वास येतो. मानवी दुधात बाळाच्या आतड्यात पित्तक्षारांच्या संगतीने जागे होणारे एक निराळे लायपेज असते व ते बाळाला स्निग्धांश पचवायला खरोखर मदत करते. ‘दुधातील विकरे पचनाला मदत करतात’ हा समज बहुधा तिथूनच गाईच्या दुधावर लादला गेला असावा.

आता उष्णतेविषयी. पाश्चरीकरणात दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद, किंवा ६३ अंशांना ३० मिनिटे ठेवतात. दुधातील अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर निष्क्रिय करायला लागणारी उष्णता क्षयाच्या जंतूंना मारायला लागणाऱ्या उष्णतेपेक्षा किंचित जास्त असते. १९३०च्या दशकात या योगायोगावर एक साधी चाचणी उभी राहिली : फॉस्फटेज निष्क्रिय झालेले दिसले, तर दूध पुरेसे तापले असे समजावे. लॅक्टोपेरॉक्सिडेज हे दुसरे विकर मात्र ७२ अंशांना टिकते आणि ८० अंशांच्या आसपास काही सेकंदांतच निकामी होते, त्यामुळे दोन्ही चाचण्या मिळून दूध कुठवर तापले याचा बऱ्यापैकी अंदाज देतात.

लॅक्टोपेरॉक्सिडेज दुधाचे रक्षणही करते. थायोसायनेट आणि अत्यल्प हायड्रोजन पेरॉक्साइड मिळाले, तर ते जिवाणूंची वाढ रोखणारे संयुग बनवते. जिथे दूध थंड ठेवण्याची सोय नाही, तिथे या यंत्रणेचा उपयोग कसा करावा याची मार्गदर्शक तत्त्वे कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने १९९१ मध्ये स्वीकारली. त्यानुसार ३० अंश तापमानातही कच्चे दूध सुमारे सात-आठ तास टिकवता येते. परंतु ‘टिकवणे’ म्हणजे ‘जंतुमुक्त करणे’ नव्हे. ब्रुसेलोसिस किंवा क्षय या रोगांचे जंतू, तसेच लिस्टेरिया, साल्मोनेला हे जंतू कच्च्या दुधातून येऊ शकतात, आणि या विकरांच्या भरवशावर ते दूध पिणे, विशेषतः लहान मुलांनी व गर्भवतींनी, अत्यंत अविचाराचे ठरेल. तापवल्याने केसिन जवळजवळ तसेच राहते आणि निवळीतील, म्हणजे केसिन वेगळे झाल्यावर उरणाऱ्या पाण्यातील, प्रथिनांची घडी उलगडते. उलगडलेल्या प्रथिनाचे पोषणमूल्य त्यामुळे कमी होत नाही.

प्रश्न : वासराला चीक किती आणि किती वेळात पाजावा? काही तास उशीर झाला तर नेमके काय बिघडते?

उत्तर : बरेच काही बिघडते, आणि नंतर ते भरून काढता येत नाही. मानवी गर्भाला आईची प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, नाळेवाटे जन्माआधीच मिळतात. गाईच्या वारेची रचना अशी असते, की प्रतिपिंडांसारखे मोठे प्रथिन तिच्यातून पलीकडे जात नाही, म्हणून वासरू जवळजवळ रिकाम्या हातांनी जन्माला येते. त्याऐवजी गाय विण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत आपल्या रक्तातील प्रतिपिंडे, प्रामुख्याने आयजीजी या प्रकारची, कासेत साठवते. चांगल्या चिकात ती लिटरमागे ५० ग्रॅमपेक्षा अधिक असतात. काही दिवसांनी येणाऱ्या साध्या दुधात १ ग्रॅमही नसतात.

ही प्रतिपिंडे अखंड स्वरूपात रक्तात पोहोचली पाहिजेत, आणि तशी सोय निसर्गाने थोड्याच काळापुरती केली आहे. नवजात वासराच्या आतड्यातील पेशी मोठे प्रथिनरेणू तोडल्याशिवाय आत घेतात. त्याच्या जठरात आम्ल अजून फारसे पाझरत नाही, शिवाय चिकात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारा घटकही असतो, म्हणजे प्रतिपिंडे पचून जाण्याचा धोका दोन्ही बाजूंनी कमी केलेला असतो. मात्र पेशींची ही क्षमता जन्मापासूनच ओसरू लागते आणि साधारण २४ तासांत संपते. त्यानंतर पाजलेला चीक उत्तम अन्न आहे, आतड्याच्या आतल्या बाजूस थोडे संरक्षणही देतो, पण त्यातील प्रतिपिंडे रक्तात जात नाहीत. दुसरीकडे, चीक काढायला उशीर झाला की कासेत नवे दूध तयार होऊन चिकाची तीव्रताही उतरत जाते. एका विलंबाची किंमत अशी दोनदा मोजावी लागते.

म्हणून वासराच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के चीक, म्हणजे ३५ किलोच्या वासराला साडेतीन लिटर, जन्मानंतर पहिल्या दोन ते चार तासांत पोटात जावा. जितका लवकर तितका चांगला. चिकाचा दाटपणा डोळ्यांनी पाहून प्रतिपिंडांचा अंदाज करू नये, तो बऱ्याचदा चुकतो. ब्रिक्स अपवर्तनमापी या, द्रवात विरघळलेल्या घटकांचे प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या उपकरणावर थेंब ठेवून २२ किंवा अधिक वाचन आले, तर चीक चांगला समजावा. भांडी स्वच्छ असणे तितकेच महत्त्वाचे आहे, कारण चिकातील जिवाणूंचा भार वाढला की प्रतिपिंडांचे शोषण घटते. गोठवून ठेवलेला चीक कोमट पाण्यात हळूहळू वितळवावा, त्याला उकळी कधीही आणू नये. मोठ्या गोठ्यांवर जंतू कमी करण्यासाठी चीक ६० अंशांना ६० मिनिटे तापवतात. या तापमानाला प्रतिपिंडे बहुतांशी टिकतात, त्याहून थोडे अधिक तापवले की चीक घट्ट होतो आणि प्रतिपिंडेही वाया जाऊ लागतात.

याच संदर्भात, प्रौढांसाठी विकल्या जाणाऱ्या चिकाच्या भुकटीबद्दल काहींनी विचारले आहे. प्रौढ माणसाचे आतडे नवजात वासराच्या आतड्यासारखे नसते. गाईची प्रतिपिंडे आपल्या रक्तात उतरून रोगप्रतिकारशक्ती वाढवतील ही कल्पना त्यामुळे टिकत नाही.

प्रश्न : चीज बनवताना वासराच्या जठरातील रेनेट वापरतात असे कळले. शाकाहारी व्यक्तीने चीज खावे की नाही?

उत्तर : खावे की नाही हा निर्णय आपला, त्यासाठी लागणारी माहिती अशी आहे. दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरात कायमोसिन हे विकर असते, आणि रेनेट म्हणजे ते विकर असलेला या जठराचा अर्क. केसिनचे सूक्ष्म पुंजके दुधात एकमेकांपासून अलग तरंगत राहतात ते त्यांच्या पृष्ठभागावरील कप्पा-केसिनमुळे. कायमोसिन या कप्पा-केसिनची साखळी १०५ आणि १०६ क्रमांकांच्या अमिनो आम्लांमध्ये, नेमक्या एकाच जागी, छेदते. बाहेरचा केसाळ भाग गळून पडतो आणि कॅल्शियमच्या साहाय्याने उघडे पुंजके एकमेकांना चिकटून दही धरल्यासारखा घट्ट गोळा होतो. गळलेला भाग निवळीत जातो. त्यात फेनिलअॅलनिन हे अमिनो आम्ल नसल्यामुळे, ते न सोसणाऱ्या फेनिलकीटोन्युरिया या आनुवंशिक विकाराच्या रुग्णांच्या आहारात त्याचा उपयोग होतो.

रेनेटचे व्यापारी उत्पादन १८७४ मध्ये कोपनहेगनला क्रिस्टियन हानसेन यांनी सुरू केले आणि पुढे शतकभर वासराचे जठर हाच मुख्य स्रोत राहिला. १९९०मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वासराचे जनुक घातलेल्या सूक्ष्मजीवांकडून मिळवलेल्या कायमोसिनला मान्यता दिली. आज ते बुरशी किंवा यीस्टकडून मोठ्या टाक्यांत तयार होते आणि त्यासाठी जनावर मारावे लागत नाही. र्‍हायझोम्यूकर बुरशीचे स्वतःचे विकरही वापरतात, पण ते कायमोसिनइतके नेमके छेदत नाही. केसिन इतरत्रही तुटते आणि मुरलेल्या चीजला कडवटपणा येऊ शकतो. वेष्टनावर ‘सूक्ष्मजीवजन्य रेनेट’ किंवा शाकाहारी असल्याची खूण नसेल, तर उत्पादकाला विचारावे.

प्रश्न : सीलबंद टिकाऊ दुधाची मुदत संपलेली नसताना ते कडू झाले आणि तळाशी जेलीसारखे घट्ट झाले. निर्जंतुक दूध खराब कसे होते?

उत्तर : जंतू मेले, पण त्यांची किंवा गाईची विकरे जिवंत राहिली, असे ढोबळपणे म्हणता येईल. हे दूध १३५ ते १४० अंशांना काही सेकंद तापवलेले असते. कच्चे दूध थंड असूनही फार वेळ साठवले, तर थंडीत वाढणारे स्यूडोमोनास जिवाणू त्यात प्रथिने तोडणारी विकरे सोडतात. जिवाणू तापवताना मरतात, त्यांची काही विकरे ती उष्णताही सोसतात आणि पुढे कित्येक आठवडे सावकाश केसिन कुरतडत राहतात. गाईच्या रक्तातून येणारे प्लाझ्मिन हे विकरही असेच चिवट आहे. कासदाह झालेल्या आणि वेताच्या अखेरीस असलेल्या गाईंच्या दुधात ते वाढलेले असते. याचे मूळ कारखान्याच्या यंत्रापेक्षा कच्च्या दुधात असते. अशा दुधाला पुन्हा उकळी आणून काहीही सुधारत नाही; ते वापरू नये.

प्रश्न : कोंबड्यांच्या खाद्यात फायटेज मिसळतात, मग गाईंच्या खाद्यात का नाही?

उत्तर : धान्य आणि पेंडींतील फॉस्फरसचा सुमारे दोन-तृतीयांश भाग फायटेट या संयुगात अडकलेला असतो. तो सोडवणारे फायटेज हे विकर कोंबड्या आणि डुकरांच्या आतड्यात पुरेसे नसते. गाईच्या कोटीपोटातील, म्हणजे पहिल्या जठरातील, सूक्ष्मजीव ते स्वतःच बनवतात, म्हणून बाहेरून देण्याची सहसा गरज पडत नाही. कोंबड्यांना फायटेज दिल्याने खाद्यात वेगळे फॉस्फेट कमी घालावे लागते आणि विष्ठेतून जमिनीत व पाण्यात जाणारा फॉस्फरसही घटतो. मात्र खाद्याच्या गोळ्या करताना वाफेने तापमान ८० अंशांच्या वर गेले, तर साधे फायटेज बरेचसे निकामी होते. म्हणून उष्णता सोसणारे किंवा लेप दिलेले फायटेज घ्यावे, अथवा गोळ्या थंड झाल्यावर द्रवरूप फायटेज फवारावे. गोळ्या कोणत्या तापमानाला बनवल्या आणि फायटेज कोणत्या टप्प्यावर घातले, हे खाद्य विकत घेतानाच विचारून घ्यावे.