२०१० च्या स्विफ्टच्या सस्पेन्शनवर २२ हजार घालावेत का?

तुमची गाडी रत्नागिरीत, दीड लाख किमी झालेली, गॅरेजवाल्याने लोअर आर्म (चाक खालून धरणारा दांडा), लिंक रॉड (गाडी वळणात झुकू न देणाऱ्या बारला जोडणारी छोटी दांडी), चारही शॉकअप (शॉक अ‍ॅब्झॉर्बर) धरून २२ हजार सांगितलेत आणि गिऱ्हाईक गाडीचे दीड लाखच देतंय. माझं मत, गाडीची किंमत आणि खर्च अशी तुलना करूच नका, दीड लाखात दुसरी गाडी घेतली तरी तिचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर) काय नवीन असणारेत का?

आधी खालून पत्रा बघा. समुद्राच्या हवेत गंज लागतो, आणि शॉकअपचं माउंटिंग जिथे बसतं तो पत्रा किंवा लोअर आर्म धरणारी क्रॉस मेंबर (खालची आडवी फ्रेम) सडली असेल तर एक रुपयापण घालू नका, विकून मोकळे व्हा. शिवाय १५ वर्षं झाली की आरटीओत रजिस्ट्रेशन रिन्यू करायला लागतं, त्याची फी, ग्रीन टॅक्स, इन्स्पेक्शन सगळं आलं, ते करणार नसाल तर हा खर्च कशाला?

पत्रा ठीक असेल तर सगळं एकदम करायची गरज नाही. बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाला चाक जोडणारा सांधा) आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंग चाकाला जोडणारा सांधा) खराब असतील तर मात्र थांबू नका, बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं, चालत्या गाडीत, आणि तुमच्याकडे घाट किती आहेत ते मी सांगायला नको. चेक करायला पुढचं चाक जॅकवर उचला, वरून आणि खालून धरून हलवा, खेळ (ढिलेपणा) लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून परत हलवा, ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बहुतेक बेअरिंग आहे, तरी राहिला तर बॉल जॉइंटकडे बघा. फक्त डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ आला तर बहुतेक टाय रॉड.

लिंक रॉड खड्ड्यात कटकट करतो, डोकं उठवतो पण लगेच घात करत नाही, आणि स्वस्त असतो. शॉकअप तेल गळत असतील किंवा गाडी डोलत असेल तरच बदला, पण जोडीनेच, आणि मागचे चांगले असतील तर राहू देत ना, मेकॅनिक चारही सांगतोय ते कशावरून हे विचारा.

काम झाल्यावर चाकांची अलाइनमेंट करा नाहीतर टायर एका बाजूने खाल्ले जातील. आणि काढलेले जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगा, बिल द्यायच्या आधी.