वाचक विचारतात: उभयचर मॉडेल घेताय? आधी उलटं करून तळ बघा

प्रश्न: मी लष्करी गाड्यांची मॉडेल्स जमवतो, आता दुसऱ्या महायुद्धातल्या जमीन आणि पाणी दोन्हीकडे चालणाऱ्या गाड्या घ्यायच्यात. सुरुवात कशाने करू, आणि कुठल्या स्केलमध्ये?

उत्तर: सुरुवात डकने करा, म्हणजे अमेरिकन जीएमसीच्या डीयूकेडब्ल्यूने. 1942 ते 1945 मध्ये या साधारण 21 हजार बनल्या. मूळचा अडीच टनी सहा चाकी ट्रक घेतला आणि त्याच्याभोवती अख्खी होडी बांधली, आणि ती होडी आखायला स्पार्कमन अँड स्टीफन्स ही शिडाच्या यॉट डिझाइन करणारी कंपनी होती, म्हणून तिचा आकार समोरून बघायला इतका सुंदर वाटतो. ही गाडी समजली की बाकीच्या पटापट समजतात.

स्केल मात्र एकच धरा आणि त्याला चिकटून राहा, हे मी कळकळीने सांगतोय. खरी डक जवळपास साडेनऊ मीटर लांब, म्हणजे 1/35 मध्ये 27 सेंटीमीटर, 1/43 मध्ये 22 आणि 1/72 मध्ये 13. जर्मन श्विमवागन खरी 3.8 मीटरची, ती 1/72 मध्ये जेमतेम पाच सेंटीमीटर होते. दोघी एका स्केलमध्ये शेजारी ठेवल्या की लगेच कळतं कोण माल वाहायला होती आणि कोण चार माणसं न्यायला, स्केल मिसळलं की ही सगळी मजा गेली. किट जोडायची आवड असेल तर 1/35, त्यात टॅमिया कंपनीची श्विमवागन आणि फोर्ड जीपीए (पाण्यात चालणारी जीप), इटालेरी कंपनीची डक आणि एलव्हीटी (रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी अमेरिकन उभयचर गाडी) असं सगळं मिळतं. जागा कमी असेल तर 1/72. एअरफिक्सची जुनी डक 1/76 ची आहे, ती 1/72 च्या शेजारी सात मिलीमीटरने आखूड पडते आणि तेवढं डोळ्याला खुपतं.

प्रश्न: फोटोत सगळीच मॉडेल्स छान दिसतात. चांगलं कुठलं आणि नुसतं दिखाऊ कुठलं हे कसं ओळखायचं?

उत्तर: उलटं करून तळ बघा, विकणाऱ्याकडे तळाचा फोटो मागा, देत नसेल तर सोडून द्या. साध्या ट्रकच्या मॉडेलमध्ये तळ सपाट असला तर चालून जातं, पण उभयचर गाडीची अर्धी कहाणी खालीच असते हो! डकच्या मागच्या बाजूला तळात एक बोगद्यासारखी खोबण असते, त्यात प्रोपेलर बसतो, त्याच्या मागे सुकाणू. प्रोपेलर खाली लोंबता ठेवला असता तर वाळूवर चढताना मोडला असता, म्हणून तो आत घेतलाय. मॉडेलमध्ये ती खोबणच नसेल आणि प्रोपेलर नुसता मागे चिकटवलेला असेल तर बनवणाऱ्याने खरी गाडी नीट बघितलेलीच नाही.

चाकंही बघा. डकचा ड्रायव्हर बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करू शकायचा, वाळूवर कमी आणि रस्त्यावर जास्त, त्यासाठी चाकाच्या मधोमध बाहेरून हवेची नळी यायची. ही सोय सुरुवातीच्या गाड्यांना नव्हती, नंतर आली. तेव्हा 1944 च्या नॉर्मंडीच्या लढाईचं मार्किंग, म्हणजे गाडीवरच्या खुणा आणि आकडे, असलेल्या मॉडेलवर त्या बारीक नळ्या दिसल्या की मला फार आनंद होतो, कुणीतरी मनापासून काम केलंय.

श्विमवागनचं वेगळं आहे. तिचा प्रोपेलर मागे वर दुमडलेला असतो, पाण्यात शिरताना हाताने खाली पाडायचा आणि तो इंजिनाच्या शाफ्टला जोडला जायचा. प्रोपेलरने फक्त पुढेच जाता यायचं, मागे यायचं तर वल्हं किंवा उलटी फिरवलेली चाकं, म्हणून गाडीवर वल्हं असायलाच हवं. सुकाणू नव्हतंच, पुढची चाकंच वळवायची. म्हणजे रस्त्यावर उभ्या दाखवलेल्या गाडीचा प्रोपेलर खाली असेल तर चूक, पाण्यात वळताना दाखवलीय आणि चाकं सरळ, तरी चूक.

प्रश्न: एलव्हीटी-4 चं एक मॉडेल मिळतंय, त्यावर तारावाच्या लढाईचं मार्किंग आहे. घेऊ का?

उत्तर: मॉडेल आवडलं तर घ्या पण ते मार्किंग काढून टाका. तारावा ही पॅसिफिक महासागरातल्या बेटावरची नोव्हेंबर 1943 ची लढाई आणि एलव्हीटी-4 पहिल्यांदा उतरली जून 1944 ला, तिथल्याच सायपान बेटावर. तारावाला एलव्हीटी-1 आणि 2 होत्या. तिथे भरतीचं पाणी पुरेसं चढलं नाही म्हणून साध्या लँडिंग बोटी प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या, सैनिकांना गोळीबारात शेकडो मीटर पाण्यातून चालत जावं लागलं, आणि पट्ट्यांवर चालणाऱ्या या गाड्या मात्र कडा चढून पलीकडे गेल्या. यांना प्रोपेलर नसतो, पट्ट्यावरचे उंच वाकडे दातेच पाणी मागे ढकलतात, त्यामुळे मॉडेल घेताना पट्टा गुळगुळीत नाही ना एवढं नक्की बघा. आधीच्या गाड्यांत सैनिकांना बाजूवरून उडी मारून उतरावं लागायचं, एलव्हीटी-4 मध्ये इंजिन पुढे नेऊन मागे उतरता दरवाजा दिला. तो दरवाजा उघडता येणारा असेल तर जरूर घ्या. आणि या सगळ्याची सुरुवात डोनाल्ड रोबलिंग यांच्या अ‍ॅलिगेटरपासून झाली, ती फ्लोरिडात वादळानंतर दलदलीत अडकलेल्या माणसांना वाचवायला बनवलेली होती, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं.

प्रश्न: माझ्या जुन्या डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) डकला भेगा दिसतायत. झिंक पेस्ट, म्हणजे जस्ताला आतून लागणारी कीड, असेल का? बाकीच्या मॉडेल्सना लागेल का?

उत्तर: लागणार नाही, तो संसर्ग नाही. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं वगैरे भेसळ राहिली की धातू आतून फुगतो, तडकतो आणि भुगा होतो, दमट हवेत जास्त लवकर. त्यावर इलाज नाही. पण हे मुख्यतः युद्धाआधीच्या खेळण्यांत दिसतं, आणि डकची मॉडेल्स सगळी त्यानंतरची, मॅचबॉक्सची 55 नंबरची 1958 ची, फ्रेंच डिंकीची त्याच्याही नंतरची. म्हणून आधी भिंगाखाली बघा, भेग फक्त रंगात असेल तर घाबरू नका. धातूच फुगलेला किंवा वाकलेला असेल तर मात्र तेच. काहीही झालं तरी पुन्हा रंगवू नका, मूळ रंग गेला की संग्राहकाच्या दृष्टीने मॉडेलच गेलं.

आणि प्लॅस्टिकच्या किटला मऊ व्हिनाइलचे टायर असतील तर ते प्लॅस्टिकच्या स्टँडला टेकून वर्षानुवर्षं ठेवू नका, टायरमधलं प्लॅस्टिसायझर (टायर मऊ ठेवणारं रसायन) झिरपून खालचं प्लॅस्टिक वितळतं. चेसीखाली छोटा ठोकळा लावून चाकं अधांतरी ठेवा. डकला सहा चाकं आहेत, तेव्हा ठोकळे दोन लावा, एक पुढे आणि एक मागच्या दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये.