मधल्या सोळा जागा

प्रिय,

अनेक आशीर्वाद. सातवीला अमेरिकेतली गुलामगिरी आणि नागरी हक्कांचा लढा चार तासिकांत शिकवायचाय, असं कळवलंस. चार तासिका पुरतात. फक्त त्या साखळदंड आणि चाबकात घालवू नकोस. मुलं हळहळतात नि विसरतात. नियम कसे चालायचे ते दाखव.

पहिल्या तासिकेत 'गुलाम' न म्हणता 'गुलाम केलेली माणसं' म्हण, म्हणजे 'कुणी केली?' हा प्रश्न मुलंच विचारतील. १८६० च्या जनगणनेत अशी जवळजवळ ४० लाख माणसं होती. गुलामगिरी बंद करणाऱ्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीवर मात्र थांबू नकोस. पुढची नव्वद वर्षं कोरी राहिली, तर १९५५ साली बसमध्ये भांडण कशाचं हेच कळत नाही.

त्या बसला दोन तासिका दे. फळ्यावर ३६ जागा काढ. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात पुढच्या १० गोऱ्यांच्या, मागच्या १० काळ्यांच्या, मधल्या १६ ड्रायव्हर म्हणेल तशा. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स ही काळी बाई मधल्या भागात, म्हणजे नियमातच बसल्या होत्या. एक गोरा प्रवासी उभा राहिला, तर त्यांच्या रांगेतल्या चौघाही काळ्यांना उठायला सांगितलं. पार्क्स उठल्या नाहीत, म्हणून त्यांना अटक झाली. चौघं का, ते मुलांना आकृतीवरून शोधू दे. मुलांनाच काळे-गोरे करून खुर्च्यांवर बसवणं टाळ: कुणी खिदळतं, कुणाला घरचं काही आठवतं, आणि तास हातचा जातो.

'दमलेली शिवणकामवाली' हे चित्रही पुसून टाक. पार्क्स १९४३ पासून हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या. १९५५ च्याच मार्चमध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विन या काळ्या मुलीलाही बसमधली जागा न सोडल्याबद्दल अटक झाली होती, आणि ज्या खटल्याने बसमधला भेद संपवला त्यातल्या फिर्यादींत क्लॉडेट होती, पार्क्स नव्हत्या. सातवीतल्या मुलांना हे फार भिडतं.

पार्क्सच्या अटकेनंतर शहरातल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला. तो ५ डिसेंबर १९५५ ते २० डिसेंबर १९५६ चालला; हे अंतर मोजायला लाव. उत्तर ३८१. कुणाचं ३८० आलं, तर लीप वर्ष विसरलं. एवढे दिवस लोक कामावर गेले कसे? काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसइतकेच १० सेंट घेतले, तेव्हा शहराने किमान ४५ सेंट भाड्याचा नियम पुढे केला. मग खासगी मोटारींच्या फेऱ्या उभ्या राहिल्या.

चौथ्या तासिकेत जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'ची (१८७३) अर्पणपत्रिका वाच; ती गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकनांना आहे. तिथून जातीचा विषय निघेल, निघू दे. पण 'तुमच्या घरी काय सोसलं?' असं एकाही मुलाला सर्वांसमोर विचारू नकोस. ज्याला सांगायचंय तो तास संपल्यावर येईल. मधल्या सुट्टीत दहा मिनिटं वर्गातच थांब.