घोळणा फुटतो, पण रक्त तर नीट गोठतं

बाळ, अनेक आशीर्वाद.

प्लेटलेट्स ठीक, रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर तपासणीही ठीक, मग घोळणा सारखा का फुटतो, असं विचारलंस. तुला असलेल्या एचएचटीमध्ये, म्हणजे ऑस्लर-वेबर-रेंडू या आनुवंशिक आजारात, दोष रक्तवाहिनीच्या घडणीत असतो. धमनी आणि शीर यांच्यामधली केशवाहिन्यांची जाळी काही ठिकाणी तयारच होत नाही. धमनीचा दाब थेट पातळ भिंतीवर येतो आणि नाकातले ते लाल ठिपके कोरड्या हवेनंही फुटतात.

म्हणून नाक ओलं ठेव. सकाळ-संध्याकाळ सलाइन स्प्रे, झोपताना सलाइन जेल. कापसाची काडी आत घालू नकोस, खपली उचकटू नकोस.

घोळणा फुटला की मान मागे टाकून डोक्यावर पाणी थापतात, ते करू देऊ नकोस. रक्त घशातून पोटात जातं, उलटी होते, शिवाय किती गेलं ते कळत नाही. ताठ बस, थोडं पुढे वाक, हाडाखालचा मऊ भाग चिमटीत धर आणि तोंडानं श्वास घे. घड्याळ लावून 10 ते 15 मिनिटं. थांबलं का, म्हणून मधेच सोडून पाहिलंस तर नुकती धरलेली गुठळी निसटते. तरीही थांबलं नाही, तर दवाखाना गाठ आणि आजाराचं नाव आधी सांग. कोरडा गॉज ठासून भरला तर तो काढताना आतलं अस्तर सोलून निघतं. विरघळणारं पॅक मागून घे. नाकातला पडदा वरचेवर जाळून घेतला तर त्याला भोक पडतं. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडबद्दल डॉक्टरांना जरूर विचार. दुखण्या-तापाला पॅरासिटामॉल घे, आयबुप्रोफेन टाळ.

एक वही कर: तारीख, किती मिनिटं, थेंब थेंब की धार. औषध वाढवायचं की नाही, हे त्यावरून ठरतं. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही तपासायला सांग, कारण लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन मागाहून उतरतं. लोहाची गोळी दिवसातून एकदा किंवा दिवसाआड पुरते. जास्त घेतल्यानं त्या प्रमाणात शोषण वाढत नाही, पोट मात्र बिघडतं. गोळीसोबत चहा नको. साठा भरतच नसेल, तर शिरेतून लोह देतात.

आता फुप्फुसांचं, आणि मला खरी काळजी याचीच आहे. दम लागत नसला तरी बबल इको, म्हणजे शिरेतून बारीक बुडबुडे सोडून केलेली हृदयाची सोनोग्राफी, करून घे. शिरांतून आलेल्या बारीक गुठळ्या आणि जंतू फुप्फुसाच्या जाळीत अडतात. तिथे आडवाट, म्हणजे जाळी टाळून धमनीतून थेट शिरेत जाणारी वाट, असेल तर ते थेट मेंदूत पोचतात. पक्षाघात होतो किंवा मेंदूत गळू होतं. लोह कमी असेल तर पक्षाघाताचा धोका आणखी वाढतो. आडवाट सापडली तर छाती न फाडता, जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन कॉइलनं, म्हणजे बारीक तारेच्या वेटोळ्यानं, ती बंद करतात. तपासणी होईपर्यंत आडवाट आहे असंच धरून चाल: हिरड्यांतून रक्त येईल असं दातांचं काम असेल तर आधी अँटिबायोटिक, सलाइन लावताना नळीत हवेचा बुडबुडा नको, स्कूबा डायव्हिंग नको. गर्भारपणात ही आडवाट फुटण्याची भीती असते, म्हणून घरातल्या मुली-सुनांपैकी ज्यांना आजार आहे त्यांची फुप्फुसं दिवस जाण्याआधीच तपासावीत.

आई-वडिलांपैकी कुणाचा घोळणा फुटायचा, ते विचार. ज्याला आजार आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता 50 टक्के. भावंडांनाही तपासणीला सोबत ने.